एकाच कॉम्प्युटरवर वेगळ्या चुली: घरच्या पायथनसाठी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट

आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला. छप्पन्न फ्लॅट, आठवड्यातून दोनदा रुसणारी लिफ्ट आणि खजिनदार मी. आधीचे खजिनदार मेंटेनन्सची बिलं एक्सेलमध्ये एकेक करून काढायचे. मी त्यासाठी पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती शीट वाचते, थकबाकीवर व्याज लावते, पार्किंग आणि सिंकिंग फंड मिळवते आणि प्रत्येक फ्लॅटचं बिल वर्डच्या फाइलमध्ये उतरवते. दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग २०२४ च्या दिवाळीआधी एका रात्री जेवणं उरकून बसले, स्क्रिप्ट चालवली आणि स्क्रीनभर लाल अक्षरं आली. शेवटच्या ओळीचा अर्थ एवढाच, की डेटाफ्रेमला, म्हणजे स्क्रिप्टमधल्या तक्त्याला, ‘अपेंड’ नावाचं काही नाही.

स्क्रिप्टच्या एका अक्षरालाही मी हात लावला नव्हता. कॉलेजसाठी आमच्याकडे राहणाऱ्या भाचीला विचारलं.

“अगं मावशी, तुझी स्क्रिप्ट मी उघडलीसुद्धा नाही. फक्त पांडाज अपडेट केलं. माझ्या प्रोजेक्टला नवं लागत होतं.”

दोघीही खरंच बोलत होतो. पांडाज हे तक्त्यांवर काम करायचं पॅकेज, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड. त्यातलं ‘अपेंड’, म्हणजे तक्त्याला खाली ओळी जोडायची सोय, जाणार, अशी सूचना १.४ या आवृत्तीपासून येत होती आणि एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या २.० मध्ये ते काढूनच टाकलं. मी त्या पिवळ्या सूचना दोन वर्षं वाचल्या नव्हत्या, हा माझा दोष. पण दोघींची कामं एकाच पायथनच्या एकाच डब्यातून पॅकेजं घेत होती, हा त्याहून मोठा दोष. त्या महिन्याची बिलं मी रात्री दीडपर्यंत हाताने काढली. दुसऱ्या दिवशी आम्ही वेगळ्या चुली मांडल्या, तेही भांडण न करता.

पुढे वाचण्याआधी एक गोष्ट. कमांड मी इथे फोनवर सांगावी तशा लिहिल्या आहेत. टाइप करताना सगळं इंग्रजी अक्षरांत, आकडेही इंग्रजी, आणि मी जिथे जागा सोडली आहे तिथे जागा सोडायची. ‘वेन्व’ म्हणजे व्ही-ई-एन-व्ही, ‘पिप’ म्हणजे पी-आय-पी, ‘पाय’ म्हणजे पी-वाय. ‘-एम’ म्हणजे आडवी रेघ आणि तिला चिकटून एम. इन्स्टॉल, फ्रीझ, चेक हे शब्द नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगचे.

मुळात गोंधळ होतो कसा

पायथन इन्स्टॉल केलं की त्याच्या पोटात ‘साइट-पॅकेजेस’ नावाचा एक फोल्डर तयार होतो. पॅकेजं आणायचं पायथनचं साधन म्हणजे पिप, आणि त्याने आणलेलं प्रत्येक पॅकेज तिथे जाऊन बसतं. स्क्रिप्टमध्ये ‘इम्पोर्ट पांडाज’ लिहिलं की पायथन तिथे जाऊन पांडाज नावाचा फोल्डर शोधतं. एका नावाचा फोल्डर एका जागी एकच असू शकतो. म्हणून १.५.३ आणि २.२ एकाच वेळी शेजारी शेजारी नांदू शकत नाहीत. नवीन आलं की जुनं जातं, आणि ते करताना पिप विचारतही नाही.

शिवाय पॅकेज एकटं येत नाही. पांडाज मागवलं की आकडेमोडीसाठी नम्पाय येतं, तारखांसाठी पायथन-डेटयुटिल येतं, आणि डेटयुटिलच्या मागे सिक्स नावाचं आणखी एक येतं. तुम्ही मागवलेल्या पॅकेजची आवृत्ती तुम्हाला आठवते. त्याच्या पाहुण्यांची कोण लक्षात ठेवणार?

व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट म्हणजे प्रत्येक प्रोजेक्टला स्वतंत्र साइट-पॅकेजेस. पायथन तेच, कॉम्प्युटर तोच, फक्त भांडीकुंडी वेगळी. ही सोय आधी २००७ पासून व्हर्च्युअलएन्व्ह या वेगळ्या पॅकेजने मिळायची. २०१२ मध्ये पायथन ३.३ आलं तेव्हापासून त्याच कामाचं वेन्व हे साधन पायथनच्या सोबतच येतं. त्याने मांडलेल्या एन्व्हायर्नमेंटलाही मी वेन्वच म्हणते. वेगळं काही उतरवावं लागत नाही, पैसे तर नाहीतच.

आधी पायथन बघा

विंडोजवर स्टार्टमध्ये सीएमडी लिहून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि विचारा:

पाय --व्हर्जन

मॅक किंवा लिनक्सवर टर्मिनल उघडून:

पायथन३ --व्हर्जन

आवृत्तीचा आकडा आला तर ठीक. विंडोजवर नुसतं ‘पायथन’ टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्टचं स्टोअर उघडलं, तर पायथन अजून आलेलंच नाही असं समजा. पायथनच्या अधिकृत साइटवरून इन्स्टॉलर घ्या आणि पहिल्याच पडद्यावर खाली पाथमध्ये (कॉम्प्युटर जिथे जिथे प्रोग्रॅम शोधतो त्या जागांच्या यादीत) टाकण्याची चौकट असते, तिच्यावर टिक करा. ही टिक विसरून मग अर्धा दिवस घालवणारे मी बरेच पाहिलेत. त्यात एकदा मीही होते.

उबुंटू आणि डेबियन या लिनक्सच्या प्रकारांवर वेन्वचा भाग वेगळा ठेवलेला असतो. तो आधी आणावा लागतो:

सुडो एपीटी इन्स्टॉल पायथन३-वेन्व

लिनक्सवाल्यांना आणखी एक गोष्ट दिसेल. डेबियन १२ पासून, म्हणजे २०२३ पासून, सिस्टिमच्या पायथनमध्ये थेट पिप इन्स्टॉल केलं तर ते नकार देतं आणि ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ असा एरर येतो. कारण सिस्टिमची स्वतःची कितीतरी कामं त्याच पायथनवर चालतात. इंटरनेटवर शोधलं की कुणीतरी ‘ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ हा पर्याय जोडायला सांगतो. ज्यांनी तो बनवला त्यांनी नावातच परिणाम लिहून ठेवला आहे. तो पर्याय वापरू नका. त्याचं उत्तर वेन्व हेच आहे.

फोल्डर कुठे करायचा

प्रत्येक प्रोजेक्टला एक फोल्डर. नाव इंग्रजीत, छोट्या अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. मी डी ड्राइव्हवर ‘कामं’ नावाचा एक फोल्डर केलाय आणि त्यात ‘बिल’ आणि ‘पाऊस’ असे दोन. नावं अर्थात इंग्रजी अक्षरांत आहेत. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर असा खोल नेऊ नका. विंडोजवर पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या वर गेला की काही पॅकेजं मध्येच अडकतात.

आणि वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हच्या सिंक होणाऱ्या फोल्डरात वेन्व ठेवू नका. पांडाज आलं की हजारो बारक्या फाइली येतात. सिंक करणारा प्रोग्रॅम त्या एकेक करून वर चढवत बसतो, इकडे इन्स्टॉल अर्धवट राहतं आणि कॉम्प्युटर विरार फास्टच्या डब्यासारखा गच्च होतो.

चूल मांडणं

कमांड प्रॉम्प्टमध्ये प्रोजेक्टच्या फोल्डरात जा. मी बिलाच्या फोल्डरात जाऊन हे लिहिलं:

पाय -३.११ -एम वेन्व .वेन्व

मॅक-लिनक्सवर:

पायथन३ -एम वेन्व .वेन्व

शेवटचा शब्द हे नव्या फोल्डरचं नाव. पुढे टिंब दिलंय ते रिवाज म्हणून. मॅक-लिनक्सवर टिंबाने सुरू होणारा फोल्डर लपलेला राहतो. नाव काहीही चालतं, पण सगळीकडे हेच ठेवलं की शोधाशोध होत नाही. ‘३.११’ का, ते पुढे येईलच.

दहा-वीस सेकंद काही होत नाही आणि मग प्रॉम्प्ट मुकाट्याने परत येतो. ‘झालं’ असंही म्हणत नाही. आता तो फोल्डर उघडून बघा, कारण आत काय आहे ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की अर्धी भीती जाते. विंडोजवर आत लिब, स्क्रिप्ट्स आणि इन्क्लूड असे फोल्डर आणि ‘पायवेन्व डॉट सीएफजी’ नावाची एक फाइल दिसेल. मॅक-लिनक्सवर स्क्रिप्ट्सऐवजी बिन असतं. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडा. चार-पाच ओळी असतात. ‘होम’च्या ओळीत मूळ पायथनचा पत्ता. पुढची ओळ सांगते, की सिस्टिमची पॅकेजं घ्यायची का, आणि तिथे ‘फॉल्स’ लिहिलेलं असतं. मग पायथनची आवृत्ती. संपलं. पायथन सुरू होताना ही फाइल बघतं आणि त्यावरून कळतं, की पॅकेजं बाहेरची नाहीत, ह्याच फोल्डरातली घ्यायची. सगळी जादू त्या एका शब्दात आहे.

आता ती सुरू करायची. कमांड प्रॉम्प्टमध्ये:

.वेन्व\स्क्रिप्ट्स\ॲक्टिव्हेट

मॅक-लिनक्सवर:

सोर्स .वेन्व/बिन/ॲक्टिव्हेट

प्रॉम्प्टच्या डावीकडे कंसात वेन्वचं नाव आलं, म्हणजे आत आलात. बाहेर पडायला ‘डीॲक्टिव्हेट’. विंडोजवर पॉवरशेल वापरत असाल तर इथे ‘स्क्रिप्ट चालवायला परवानगी नाही’ असा एरर बहुतेक येईल. एकदाच हे द्या:

सेट-एक्झिक्युशनपॉलिसी -स्कोप करंटयूझर रिमोटसाइन्ड

किंवा माझ्यासारखं करा, सरळ साधा कमांड प्रॉम्प्ट वापरा. ऑफिसच्या लॅपटॉपवर ही परवानगी बदलताच येत नाही, तेव्हा तर तोच मार्ग.

ॲक्टिव्हेट काय करतं याचा बाऊ फार होतो. ते फक्त पाथच्या यादीत ह्या फोल्डरला पहिला नंबर देतं. त्यामुळे ‘पायथन’ म्हटलं की इथलं पायथन उठतं. ती खिडकी बंद केली की परिणामही गेला. दुसरी खिडकी उघडलीत तर तिथे पुन्हा ॲक्टिव्हेट करावं लागेल. ‘काल इन्स्टॉल केलं होतं, आज मोड्यूल सापडत नाही म्हणतं’ या तक्रारीचं कारण दहापैकी आठ वेळा हेच असतं.

पॅकेजं आणणं, आणि मला बसलेला दुसरा धक्का

पॅकेज आणताना मी नुसतं ‘पिप’ कधीच लिहीत नाही. असं लिहिते:

पायथन -एम पिप इन्स्टॉल पांडाज

नुसतं पिप लिहिलं तर कुठल्या पायथनचं पिप उठेल याची खात्री नसते. असं लिहिलं की ज्या पायथनमध्ये पॅकेज हवं, त्यालाच काम सांगितलं जातं. शंका आली तर:

पायथन -एम पिप --व्हर्जन

आवृत्तीबरोबर पूर्ण पत्ता छापून येतो. त्यात तुमच्या प्रोजेक्टचं आणि वेन्वचं नाव दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर थांबा, काहीही इन्स्टॉल करू नका.

आता माझी गोष्ट. मला जुनं पांडाज हवं होतं, म्हणून मी मोठ्या आत्मविश्वासाने ‘पांडाज==१.५.३’ असं मागवलं. आलं. स्क्रिप्ट चालवली, तर आता वेगळाच एरर: नम्पायच्या डीटाइपचा आकार बदललाय, बायनरी जुळत नाही. म्हणजे झालं असं, की पांडाज १.५.३ ने ‘मला नम्पाय हवं, अमुक आवृत्तीपेक्षा नवं’ एवढंच सांगून ठेवलेलं होतं. वरची मर्यादा घातलीच नव्हती. पिपने आज्ञाधारकपणे त्या दिवशीचं सगळ्यात नवं नम्पाय आणलं. आणि जून २०२४ मध्ये नम्पाय २.० आलं, त्यात आतली रचना बदलली. नम्पाय १ साठी बांधलेली पॅकेजं त्याच्यावर चालत नाहीत. जुन्या चपलेला नवा अंगठा शिवावा तसं झालं. मग असं दिलं:

पायथन -एम पिप इन्स्टॉल "पांडाज==१.५.३" "नम्पाय<२"

अवतरणचिन्हं विसरू नका. ‘पेक्षा लहान’ची खूण शेलला, म्हणजे कमांड वाचणाऱ्या प्रोग्रॅमला, वेगळ्या अर्थाची वाटते, आणि नम्पाय राहतं बाजूला, भलताच एरर हातात येतो. दोन बरोबरच्या खुणा म्हणजे नेमकी हीच आवृत्ती.

आणि ३.११ चं कारण. पांडाज १.५.३ तयार बांधलेल्या रूपात, म्हणजे व्हील म्हणून, पायथन ३.११ पर्यंतच मिळतं. ३.१२ वर मागवलं तर पिप ते मूळ कोडपासून बांधायला बसतं, सी कंपायलर मागतं आणि दोन-तीनशे ओळींची बोंब ठोकून थांबतं. वेन्व पॅकेजं वेगळी करतं, पायथन नाही. पायथनची आवृत्ती वेन्व मांडतानाच ठरते आणि मागाहून बदलत नाही. एका कॉम्प्युटरवर ३.११ आणि ३.१३ दोन्ही आनंदाने राहतात. विंडोजवर ‘पाय’च्या पुढे हवा तो आकडा लावायचा. भाचीचं वेन्व ३.१३ वर आहे, माझं ३.११ वर. मात्र ‘जुनं कशाला हवं’ म्हणून कुणी ३.११ काढून टाकलं, तर माझं वेन्व त्याच क्षणी आंधळं होईल, कारण त्या सीएफजी फाइलीतला पत्ता रिकामा पडेल.

नावांचाही एक घोळ सांगून ठेवते. इन्स्टॉल करायचं नाव आणि इम्पोर्ट करायचं नाव एकच असेल असं नाही. वर्डच्या फाइली बनवायला ‘पायथन-डॉक्स’ आणायचं असतं, पण स्क्रिप्टमध्ये ‘इम्पोर्ट डॉक्स’ लिहितात. त्यावरून कुणी ‘डॉक्स’ इन्स्टॉल केलं तर त्या नावाचं एक जुनंपुराणं दुसरंच पॅकेज येतं आणि पायथन ३ वर कोसळतं. चित्रांसाठी पिलो आणायचं, इम्पोर्ट पीआयएल करायचं. ओपनसीव्ही-पायथन आणायचं, इम्पोर्ट सीव्ही२. सायकिट-लर्न आणायचं, इम्पोर्ट एसकेलर्न. पायपीआय या भांडारात पाच लाखांहून जास्त पॅकेजं आहेत आणि तिथे कुणीही नाव नोंदवू शकतं. प्रसिद्ध नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडे-तिकडे करून खोडसाळ पॅकेजं टाकणारेही आहेत. नाव स्मरणातून टाइप करू नका, पॅकेजच्या माहितीच्या पानावरून उचला. वेन्वमध्ये टाकलं म्हणजे सुरक्षित, असा समज असेल तर तो आत्ताच सोडा. वेन्व ही भिंत नाही. आतलं पॅकेज तुमच्या सगळ्या फाइली वाचू शकतं, बँकेच्या स्टेटमेंटसकट.

यादी जपा, वेन्व नाही

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर येतं. लोक वेन्वला जपतात, त्याचा बॅकअप घेतात, पेनड्राइव्हवर घालून नेतात. उलटं करा. वेन्व कधीही फेकून देता आलं पाहिजे. जपायची ती यादी.

पायथन -एम पिप फ्रीझ > रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी

या कमांडने आतल्या प्रत्येक पॅकेजचं नाव आणि नेमकी आवृत्ती एका फाइलीत उतरते. ही फाइल स्क्रिप्टच्या शेजारी ठेवायची. वेन्व पुन्हा मांडायचं झालं की:

पायथन -एम पिप इन्स्टॉल -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी

मी दोन याद्या ठेवते. एक हाताने लिहिलेली, त्यात मला स्वतःला हवी असलेली चार नावं: पांडाज, नम्पाय, एक्सेलच्या फाइलींसाठी ओपनपायएक्सएल, पायथन-डॉक्स. दुसरी फ्रीझने काढलेली, सगळ्या पाहुण्यांसकट. पहिली वाचून कळतं, की काय आणि कशासाठी. दुसरीने हुबेहूब तेच उभं राहतं. नुसती फ्रीझची यादी ठेवली तर सहा महिन्यांनी ‘हे सिक्स मी कशाला आणलं होतं?’ असं होतं.

यादी खरी आहे का, हे बघायचा एकच उपाय. वेन्व बंद करा, .वेन्व हा फोल्डर डिलीट करा, नवीन मांडा, यादीवरून भरा आणि स्क्रिप्ट चालवा. पहिल्यांदा करताना माझा हात थरथरला होता. पाच मिनिटं लागली. पॅकेजं पिपच्या कॅशमध्ये आधीची असल्यामुळे बहुतेक सगळं पुन्हा डाउनलोडही झालं नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांना याचं मोल कळेल, आणि आमच्याकडे पावसात ब्रॉडबँड गेलं की सगळेच हॉटस्पॉटवर असतात.

पेनड्राइव्हवरून नेणाऱ्यांसाठी स्वतःचा अनुभव. मी जुन्या डेस्कटॉपवरून लॅपटॉपवर आले तेव्हा अख्खा प्रोजेक्टचा फोल्डर, वेन्वसकट, कॉपी केला. चालवलं तर उत्तर आलं, ‘नो पायथन ॲट’ आणि पुढे जुन्या डेस्कटॉपवरचा पत्ता. सीएफजी फाइलीत तो तसाच लिहिलेला, स्क्रिप्ट्समधल्या फाइलींतही तोच. त्याच कॉम्प्युटरवर फोल्डरचं नुसतं नाव बदललं तरी काही गोष्टी अशाच बिघडतात. हलवू नका, नवीन मांडा. गिट वापरत असाल तर .वेन्वचं नाव गिटइग्नोरमध्ये घाला. पायथन ३.१३ पासून वेन्व ती सोय आपणहून करून ठेवतं.

जाता जाता, पिप अनइन्स्टॉल. ते फक्त तुम्ही सांगितलेलं पॅकेज काढतं, त्याच्यासोबत आलेले पाहुणे तसेच बसून राहतात. चार-पाच प्रयोगांनंतर वेन्वमध्ये अडगळ झाली की मी साफसफाई करत नाही, पुन्हा मांडते. आणि आतली पॅकेजं एकमेकांशी जुळतात का ते विचारायला:

पायथन -एम पिप चेक

एडिटर, नोटबुक आणि डबल क्लिक

व्हीएस कोडमध्ये प्रोजेक्टचा फोल्डर उघडा, कंट्रोल-शिफ्ट-पी दाबा, ‘पायथन: सिलेक्ट इंटरप्रीटर’ निवडा आणि यादीतून .वेन्ववालं पायथन घ्या. एकदा सांगितलं की त्या फोल्डरपुरतं लक्षात राहतं.

ज्युपिटर नोटबुक, म्हणजे ब्राउझरमध्ये चौकटी-चौकटींत पायथन चालवायची वही, तिथे जास्त गोंधळ होतो. भाचीचं प्रोजेक्ट पावसाच्या आकड्यांवर होतं: कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन वेधशाळांची तुलना. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३-७४. हे दोन्ही खांब एका आलेखात बसवायला तिला मॅटप्लॉटलिब हवं होतं. टर्मिनलमध्ये इन्स्टॉल केलं, नोटबुक मात्र ‘असं मोड्यूलच नाही’ म्हणत राहिलं. कारण नोटबुकच्या मागे जे पायथन चालतं, ज्याला कर्नल म्हणतात, ते दुसरंच होतं. त्यासाठी वेन्वमध्ये आयपायकर्नल आणायचं आणि त्याची नोंद करायची:

पायथन -एम आयपायकर्नल इन्स्टॉल --यूझर --नेम पाऊस

मग नोटबुकच्या कर्नलच्या यादीत ‘पाऊस’ दिसतं, ते निवडायचं. इथे खरं नाव इंग्रजी अक्षरांतच द्या. नोटबुकच्या चौकटीतून पॅकेज आणायचं असेल तर उद्गारचिन्हाऐवजी टक्क्याची खूण लावून ‘%पिप इन्स्टॉल’ लिहा. ते चालू कर्नलच्याच पायथनमध्ये जातं.

ज्यांना टर्मिनल बघवत नाही, त्यांच्यासाठी ॲक्टिव्हेट करायची गरजच नाही. वेन्वमधलं पायथन पूर्ण पत्त्याने बोलावलं की पुरे. मी बिलाच्या फोल्डरात एक बॅट फाइल, म्हणजे डबल क्लिकने कमांड चालवणारी फाइल, ठेवली आहे. त्यात दोन ओळी. पहिली ‘सीडी’ची, जी प्रोजेक्टच्या फोल्डरात जाते, आणि दुसरी:

.वेन्व\स्क्रिप्ट्स\पायथन.एक्सई बिल.पाय

डबल क्लिक केलं की छप्पन्न बिलं तयार. टास्क शेड्युलरला काम लावतानाही हाच पत्ता द्यायचा.

कॉन्डा, पिपएक्स, यूव्ही

कॉन्डा हे पॅकेजं आणि एन्व्हायर्नमेंट सांभाळणारं दुसरं साधन, त्याबद्दल विचारणारे खूप. नकाशांची कामं, जीडालसारखी पायथनबाहेरची लायब्ररी लागणारी कामं असतील तर कॉन्डा सोयीचं पडतं, कारण ते पायथन आणि बाकीचं सामानही स्वतःच बांधून आणतं. बिलं काढायला त्याची गरज नाही. एकाच वेन्वमध्ये कॉन्डा आणि पिप आलटून पालटून वापरू मात्र नका.

एखादं पॅकेज स्क्रिप्टमध्ये इम्पोर्ट करायचं नसून कमांड म्हणून कुठूनही चालवायचं असेल, जसं व्हिडिओ उतरवण्याचं एखादं साधन, तर पिपएक्स वापरा. ते प्रत्येक साधनाला गुपचूप स्वतंत्र वेन्व करून देतं.

आणि यूव्ही. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं, रस्ट भाषेत लिहिलेलं आहे आणि वेग बघून पहिल्यांदा वाटतं, की काही झालंच नाही. ‘यूव्ही वेन्व’ने वेन्व मांडतं, ‘यूव्ही पिप इन्स्टॉल’ने पॅकेजं आणतं, हवं ते पायथनही स्वतः उतरवतं. शिवाय आणलेल्या पॅकेजांची एक प्रत एका जागी ठेवून बहुतेक वेळा तीच सगळ्या वेन्वना जोडून देतं, म्हणून डिस्क वाचते. पांडाजचं एक वेन्व शंभर-दीडशे एमबी खातं. लिनक्सवर मशीन लर्निंगचं टॉर्च हे पॅकेज जीपीयूसाठी घेतलं तर काही जीबी. दहा प्रोजेक्टं झाली की २५६ जीबीच्या एसएसडीवर हे जाणवतं. लॅमिंग्टन रोडला मोठी एसएसडी घ्यायला जाण्याआधी जुनी वेन्व शोधून उडवा, बरीच जागा तिथेच सापडेल. भाची आता फक्त यूव्ही वापरते. मी म्हणेन, पहिली दोन-तीन वेन्व साध्या पद्धतीने मांडा, सीएफजी उघडून बघा, एखादं मोडून बघा आणि मग यूव्हीकडे जा. नाहीतर कधी अडलं तर कुठे हात घालायचा तेच कळणार नाही.

माझी स्क्रिप्ट अजून ३.११ वर आहे, पण जुन्या पांडाजवर नाही. जुन्या वेन्वमुळे तीन महिन्यांची सवड मिळाली. त्या अवधीत मी ‘अपेंड’ जिथे जिथे होतं तिथे ‘कॉन्कॅट’ घातलं, नवीन पांडाजचं दुसरं वेन्व शेजारी मांडलं, दोन्हींतून एकाच महिन्याची बिलं काढली आणि रकमा जुळवून बघितल्या. एका फ्लॅटच्या व्याजात एक रुपयाचा फरक आला. तो शोधायला एक रविवार गेला. चूक माझ्याच पूर्णांकात करण्याच्या ओळीत होती, पांडाज बिचारं निर्दोष.

या एप्रिलमध्ये खजिनदारपद तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे गेलं. त्यांना मी स्क्रिप्ट, दोन याद्या आणि बॅट फाइल एवढंच दिलं. वेन्व दिलं नाही. त्यांच्या कॉम्प्युटरवर ३.११ नव्हतं, ते आधी घातलं, मग त्यांच्याच हाताने वेन्व मांडून घेतलं. काका चष्मा वर करून एकेक अक्षर टाइप करत होते आणि प्रॉम्प्ट मुकाट्याने परत आला तेव्हा म्हणाले, “काही झालं नाही वाटतं.”

“झालं काका,” म्हटलं. “आता यादी भरा.”